एका कार्डावरच्या दोघी

तुमच्यापैकी एकीचाही यावर विश्वास बसायचा नाही, ही माझी पैज. आजवर कुणाचाच बसलेला नाही. पण आपले नंबर यायला अवकाश आहे, आतलं यंत्र एकेका बाईला सावकाश तपासतंय, आणि भिंतीवरच्या टीव्हीला आवाज नाही. तेव्हा बसल्या बसल्या ऐका. ही माझ्या शेजारी डोळे मिटून बसलीय ती श्यामला, माझी पुतणी. दरवर्षी मला तपासणीला घेऊन येते. तिनं ही गोष्ट इतक्यांदा ऐकलीय, की मी तोंड उघडलं की ती झोपेचं सोंग घेते.

तर सोलापुरात, विडी वळणाऱ्या बायकांच्या एका वस्तीत, दोन हजार अडतीस साली दोन जावा एका घरात राहायच्या. थोरली नरसव्वा, धाकटी सुगुणा. नावं बदललीत हं, उगाच कुणाचं घर शोधत जाऊ नका. नरसव्वाचा नवरा वारलेला, लेक लग्न होऊन भिवंडीला गेलेली. सुगुणाचा नवराही तिकडेच, कापडाच्या मागावर. घरात दोघीच. विडी ओढणारे तोवर निम्म्यावर आले होते, पण वळणाऱ्या काही घटल्या नव्हत्या. मांडीवर सूप, सुपात पान आणि तंबाखू, बोटांना दोरा. दिवस उजाडला की दोघी समोरासमोर बसायच्या त्या दिवे लागेपर्यंत.

नरसव्वा म्हणजे बाई कसली, तोफ होती. कारखान्यातला चेकर तिच्या विड्यांतून छाट काढायला लागला, म्हणजे ही सैल, ही वाकडी म्हणून विड्या बाजूला टाकायला लागला, की ती त्याच्या टेबलावर सूप आपटायची. "एकेक ओढून दाखव, आणि मग सांग कुठली वाईट ते!" एकदा त्यानं इरेला पेटून खरंच अकरा ओढल्या आणि दुपारी पोट धरून घरी गेला. खोटं वाटतं? वाटू दे.

कारखान्याच्या पटावर नाव होतं नरसव्वाचं. एक कार्ड, एक बाई. सुगुणा लग्न होऊन आली तेव्हा कारखान्यानं नवी कार्डं देणं बंद केलं होतं, म्हणून तीही थोरलीच्या कार्डावर वळायची. यात कुणाला चोरी वाटत नसे. आख्ख्या वस्तीत तसंच होतं. एका कार्डामागं सासू, सून, नणंद, सगळ्यांची बोटं. सुगुणाची विडी बारीक आणि कडक, नरसव्वाची जाडसर, झपाट्याची. पण एकदा विड्यांच्या जुड्या, म्हणजे कट्टे, बांधून टोपलीत पडले की कुठली कुणाची, हे देवालाही सांगता आलं नसतं. चेकरला दिसायचं ते एकच नाव. आणि तिथंच सगळं फसलं. पान आणि तंबाखू जशी कुणीही कुणाच्या कार्डावर आणतं, तसंच दवापाणीही आणता येईल, असं या बायकांनी धरून चालायचं ठरवलं.

त्या श्रावणात कारखान्याच्या आवारात बायकांच्या तपासणीची गाडी आली. लांबलचक, पांढरी. ड्रायव्हर नाही, डॉक्टर नाही, नर्स नाही. पहिल्याच दिवशी तिच्याखाली एक कोंबडी जाऊन बसली, आणि अंडं घालून ती उठेपर्यंत गाडीनं जागा सोडली नाही. आतून आवाज येत राहिला, "सावकाश होऊ द्या, घाई नाही." मराठीत म्हणून झालं, तेलुगूत म्हणून झालं. कोंबडीला कुठली कळली कोण जाणे. पण बायकांना ती गाडी तिथंच आवडली. जी कोंबडीला थांबते ती आपल्यालाही सांभाळून घेईल, असा सरळ हिशेब. शिवाय आत पुरुष नव्हता. किंबहुना आत माणूसच नव्हतं. एका वेळी एकच बाई आत जाणार आणि मागं दार लागणार.

आता त्या गाडीतलं यंत्र काय करायचं ते नीट ऐका, कारण इथं मी एक अक्षरही वाढवून सांगत नाही.

गर्भपिशवीच्या तोंडाशी एक विषाणू येऊन बसतो. बहुतेक बायकांच्या अंगातून तो आपसूक जातो. एखादीच्या अंगात मुक्काम करतो, आणि तिथल्या वरच्या थरातल्या पेशी हळूहळू बदलायला लागतात. हळूहळू म्हणजे वर्षानुवर्षं. दुखत नाही, खुपत नाही. त्या बदललेल्या पेशी वरच्या थरातच आहेत तोवर तो कॅन्सर नव्हे. थराखालची सीमा ओलांडली की मात्र कॅन्सर. यंत्र आधी निळा उजेड टाकायचं. निरोगी पेशी त्या उजेडाला हिरवट चमकून उत्तर देतात, बदललेल्या काळवंडून गप्प राहतात. तेंदूच्या पानावर डाग दिसावा तसं. पानाला आपण डाग टाळून कात्री लावतो, इथं नेमका डागच कातरायचा. मग लेसर. न दिसणारा किरण, सुईच्या टोकाएवढा. पेशीत पाणी असतं. किरण पडला की त्या पाण्याची तत्क्षणी वाफ होते आणि पेशी उडून जाते, शेजारणीला पत्ता लागत नाही. केसाएवढा एक थर, मग दुसरा, मग तिसरा. लांब तांदळाच्या दाण्याएवढ्या खोलीपर्यंत. त्याहून खोल काही असलं तर यंत्र हात लावायचं नाही. कारण वरचं जाळलं तर खालचं झाकलं जातं आणि झाकलेलं वाढत राहतं.

सुगुणा आत गेली. कार्ड नरसव्वाचं आणि आत गेली सुगुणा.

का म्हणजे? नरसव्वा लाजली. म्हणाली, "या वयात मी नाही बाई त्या टेबलावर निजणार. कार्डावर तपासणीचा शिक्का लागतो म्हणतात, तो तू घेऊन ये जा." सुगुणाला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. ती आपली थोरलीच्या शब्दाखातर गेली.

"चेकरच्या टेबलावर सूप आपटणारी बाई तपासणीला लाजली?"

कोण म्हणालं? हिरव्या साडीतल्या बाई, लाजेचं काही सांगता येत नाही. मारामारीला न भिणारी माणसं इंजेक्शनला रडतात. ऐका.

आत गारवा होता. छताला एक चित्र होतं, तळ्यातल्या कमळांचं, निजलेल्या बाईनं बघत राहावं म्हणून. कमळं सतरा. आवाज म्हणाला, "नरसव्वाबाई, घाबरू नका. पाय सैल सोडा." सुगुणाला हसू आलं. मग निळा उजेड पडला आणि आवाज म्हणाला, "नरसव्वाबाई, एके ठिकाणी डाग आहे. वरवरचाच आहे. आत्ताच काढू शकतो. काढू का?"

सुगुणानं कमळं पुन्हा मोजली. त्या वेळी ती उठून म्हणू शकली असती, की मी नरसव्वा नव्हे. तिच्या तोंडातून निघालं, "काढा."

चार मिनिटं लागली. पोटात पाळीच्या वेळेसारखी कळ. केस जळाल्यासारखा वास, बारीकसा. वरची नळी तो लगेच ओढून घ्यायची. एकदा तिला खोकला आला तर किरण खोकल्याच्या आधीच थांबला. बाहेर आली तेव्हा उन्हात बायका रांगेत उभ्या होत्या, आणि तिला वाटलं, यातल्या प्रत्येकीच्या पाया पडावं. ती नरसव्वा म्हणून निजली आणि नरसव्वा म्हणून बरी झाली. दोनतीन आठवडे अंगावरून पाणी गेलं, मग तेही थांबलं. महिन्या-दोन महिन्यांपासून जे डाग पडत होते तेही थांबले.

"काही झालेलं नव्हतं म्हणालात ना मघाशी?"

तुम्ही हिरव्या साडीतल्या बाई वकील आहात का हो? सांगणाऱ्याकडून पुढंमागं होतं. श्यामला, पाणी दे जरा. बघा, सोंग घेतलेल्या माणसालाही तहान कळते.

तर कार्डावर संदेश आला. सहा महिन्यांनी एकदा, वर्षानं एकदा आणि दोन वर्षांनी शेवटची, अशा तीन तपासण्या. तिन्ही स्वच्छ निघाल्या की बाई मोकळी. आणि त्याखाली एक ओळ होती, ती सुगुणानं तीनदा वाचली. यंत्रानं गर्भपिशवीच्या तोंडाचा नकाशा काढून कार्डाला जोडला होता. तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांची जाळी अंगठ्याच्या ठशासारखी असते, एकीची दुसरीशी जुळत नाही. त्यात आता लेसरचा वण. पुढल्या खेपेला तोच नकाशा दिसला पाहिजे. वेगळा दिसला, तर चुकीच्या बाईवर किरण पडू नये म्हणून यंत्र थांबणार, कार्ड गोठणार, आणि चौकशी संपेस्तोवर कारखान्यातून ना पान, ना तंबाखू. तोच नकाशा गावातल्या प्रत्येक दवाखान्यात उघडत होता; कुठंही केस पेपर काढा, आधी कार्ड विचारत.

टोपलीतल्या विड्यांत जे कुणाला ओळखू येत नव्हतं, ते यंत्रानं पहिल्या नजरेत ओळखून टाकलं होतं. कार्डावर नाव नरसव्वाचं राहिलं आणि अंग सुगुणाचं चढलं.

नरसव्वा ते ऐकून हसली. "चला, कागदोपत्री मी वीस वर्षांनी तरुण झाले. नवरा बघ एखादा माझ्यासाठी." वस्तीतल्या बायकांना ती कार्ड दाखवत फिरली, "हे बघा, माझी पिशवी कशी हिरवीगार आहे!" कारण तपासणी स्वच्छ निघाली की कार्डावर हिरवा ठिपका यायचा. माघात पहिला आला. श्रावणात दुसरा.

त्याच्या पुढच्या चैत्रात सुगुणा न्हाणीत कपडे भिजवत होती आणि तिच्या हाती जुन्या लुगड्याचा एक धडपा लागला. लाल. घरात पाळी येणारी आता ती एकटीच होती, आणि तिची तर संपून दहा दिवस झाले होते.

"अक्का, हे काय?"

"पान भिजवलेलं पाणी सांडलं."

"पान लाल पाणी सोडतं?"

"माझ्या हातचं सोडतं. तू तुझं काम कर."

सुगुणानं धडपा तिच्या सुपापुढं धरला. नरसव्वानं वर पाहिलं नाही. कात्री चालवत राहिली. मग म्हणाली, "संक्रांतीपासून जातंय. थोडं थोडं. आता कंबरही धरते."

"गाडीला खरं सांगून टाकू, अक्का. आत जाऊ, म्हणू, ही खरी नरसव्वा, हिला तपासा."

"आणि कार्ड गोठलं की? खायचं काय दोघींनी? आणि तुझी शेवटची राहिलीय ना श्रावणात. मधेच नकाशा पुसला तर तुझ्यात पुन्हा काही आलं का हे कोण बघणार? आधी तुझी शेवटची होऊ दे. मग माझं बघू."

असं म्हणाली. थोरली ती थोरली. चैत्र, वैशाख, जेठ, आषाढ. चार महिने. कुणी म्हणेल, चार महिन्यांत काय होतं? वरच्या थरात होतं तोवर खरंच काही झालं नसतं. पण सीमा ओलांडलेली गोष्ट महिने मोजत बसत नाही.

वैशाखात नरसव्वाची पाठ सरळ होईना. भिंतीला टेकून वळायची. जेठात एक पाय सुजला. खोलीत वास यायला लागला, गोडूस, कुबट, तंबाखूच्या वासालाही न दबणारा. सुगुणानं सकाळ-संध्याकाळ उदबत्ती लावायला सुरुवात केली, आणि नरसव्वा म्हणाली, "मेल्यावर लावायच्या त्या आत्ताच संपवू नकोस." शेजारणी यायच्या, नाकाला पदर लावायचं टाळत बसायच्या आणि लवकर उठायच्या. एकजण म्हणाली, "डॉक्टरला दाखवलंस का गं?" नरसव्वानं तिच्यापुढं कार्ड धरलं. दोन हिरवे ठिपके. बाईनं ते उलटसुलट करून बघितलं आणि परत दिलं. एवढी स्वच्छ बाई कशानं आजारी असणार?

नरसव्वाची बोटं मंदावली. सुगुणा आपल्या सुपातल्या विड्या हळूच तिच्या सुपात सरकवायची. नरसव्वाला ते दिसायचं. एकमेकींच्या विड्या कुणालाच ओळखता यायच्या नाहीत, असं मी म्हटलं ना? आषाढात आल्या असत्या. त्या महिन्यात टोपलीतली एकूण एक विडी बारीक आणि कडक होती. चेकरनं एकही छाट काढली नाही. नरसव्वाला ते कळलं तेव्हा ती पहिल्यांदा रडली. "भांडायलाही काही ठेवलं नाहीस मला," म्हणाली.

श्रावणात गाडी आली. पहिल्या दिवशी सुगुणा आत गेली. सतरा कमळं. निळा उजेड. आवाज म्हणाला, "नरसव्वाबाई, अभिनंदन. तुम्ही पूर्ण बऱ्या आहात." तिसरा हिरवा ठिपका.

अशा तोंडं पाडू नका गं. पुढं ऐका, आता तर खरी मजा आहे.

दुसऱ्या दिवशी नरसव्वा उठली. काठी घेतली, नऊवारी नेसली आणि एकटी चालत कारखान्यावर गेली. रांग मोडून आत शिरली. यंत्रानं उजेड टाकला आणि म्हणालं, "तुम्ही त्या नाही." ही म्हणाली, "मीच ती. गेल्या चार वेळची ती नव्हती." यंत्र म्हणालं, "हे तांदळाच्या दाण्याहून खोल आहे. याला माझा किरण चालत नाही." त्यावर नरसव्वानं काय केलं असेल? यंत्राचा तो पोलादी हात धरला आणि हिसडा देऊन म्हणाली, "तू चेकर आहेस काय रे, माझी छाट काढायला? हजारांत एक वाईट निघाली म्हणून हजार फेकतोस? काढ तेवढी आणि बाकीची मोकळी कर!" तेलुगूत म्हणाली. असल्या गोष्टी तेलुगूतच म्हणायच्या.

आणि यंत्र लाजलं! हसा, हसा, मी सांगितलंच होतं विश्वास बसायचा नाही. यंत्रानं किरण सोडला. चार मिनिटं नाही, सव्वा तास. तेवढा वेळ सगळ्या वस्तीतले दिवे मंद झाले, माग थांबले, पिठाच्या गिरणीत अर्धी ज्वारी अडकून राहिली. गाडीच्या टपातून इडलीच्या भांड्यासारखी वाफ निघाली. मग दार उघडलं आणि नरसव्वा काठी टाकून बाहेर आली. चालत घरी गेली, दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि दिवे लागायच्या आत हजार विड्या वळल्या, जाडसर, झपाट्याच्या. चेकरनं त्यातल्या साठ बाजूला काढल्या, आणि ती इतकी भांडली, इतकी भांडली, की...

आतून काय ओरडतंय ते यंत्र? ओरडू दे. तर मी म्हणत होते, नरसव्वानं पुढं नातीचं लग्न पाहिलं...

"नंबर एकोणीस. सुगुणा गड्डम. कृपया आत या."

"सुगुणा?" हिरव्या साडीतल्या बाई म्हणाल्या. "नावं बदललीत म्हणालात ना, आजी?"

सोलापुरात सुगुणा काय एकच असते? बसा. संपतच आलीय गोष्ट. नातीच्या लग्नात ती...

"नंबर एकोणीस. सुगुणा गड्डम."

"ऊठ, चिन्नम्मा. तुला बोलावतायत." श्यामलानं डोळे उघडले होते. चुलतीला आमच्यात चिन्नम्मा म्हणतात. तिनं माझ्या मांडीवरची पिशवी उचलून स्वतःकडं घेतली, कार्ड काढून माझ्या हातात दिलं, आणि मग त्या बायकांकडं नाही, माझ्याकडंच बघत बोलली. आवाज न चढवता, पण साऱ्या हॉलला ऐकू जाईल असं.

"खोटं आहे हे. बावीस वर्षं ऐकतेय. अम्मा आत गेलीच नाही. गाडी आली तेव्हा तिला कुशीवर वळता येत नव्हतं, आणि भाद्रपदात ती गेली. कार्ड तिनं आपणहून दिलं नव्हतं. तुला डाग पडत होते म्हणून तू मागितलंस आणि तिनं दिलं. तेही मी कधी मनावर घेतलं नसतं. पण त्या चैत्रात घरात दोघीच नव्हतात, चिन्नम्मा. मी बाळंतपणाला आले होते. दाराआड बाळाला पाजत बसले होते. गाडीला खरं सांगून टाकू, असं अम्मा म्हणाली. 'आधी माझी शेवटची होऊ दे,' असं तू म्हणालीस."